मजा, डिकी आणि बजेट: एका सेकंडहॅन्ड गाडीच्या निवडीचं पूर्ण प्रकरण

हे प्रकरण माझ्या एका जवळच्या मित्राचं आहे, त्याला विचारूनच लिहितोय, नाव-गाव देत नाही कारण त्याची इथे गरजच नाहीये. परिस्थिती अशी की नवरा-बायको दोघंही गाडी चालवणारे, घरात वर्षाच्या आतलं बाळ, शनिवार-रविवार बाहेर पडायचं तर मित्राची आई पण सोबत. रोजचं जाणं-येणं एका बाजूला साधारण १२ किलोमीटर, त्यातलं निम्मं सिग्नल आणि गर्दीत, आणि अधूनमधून एखादा लांबचा प्रवास ज्यात छान वळणांचा रस्ता लागतो. जुन्या गाडीवर दुरुस्तीचा खर्च सारखा निघायला लागला म्हणून ती विकली आणि आता दुसरी घ्यायची, सेकंडहॅन्डच, कर्ज न काढता. मी इथे रकमा देत नाही, त्यांचं पूर्ण बजेट १०० धरतो आणि बाकी सगळं त्या हिशोबात सांगतो म्हणजे कुणालाही आपल्या खिशाला लावून बघता येईल.

मित्राची मागणी ऐकायला सोपी होती. चालवताना मजा आली पाहिजे, घरच्यांची सोय झाली पाहिजे आणि पैसे एवढेच. अडचण अशी की या तिन्हीतली कुठलीही दोन धरली तर गाडी लगेच सापडते, तिसरी धरली की यादी भराभर आटते, आणि मग माणूस कंटाळून जी समोर येईल ती घेऊन टाकतो. तसं होऊ द्यायचं नव्हतं.

मजा म्हणजे नक्की काय

त्याने केलेल्या पहिल्या यादीत सगळ्यात वर माझदा एमएक्स-५ होती. ती वर का होती हे मला अगदी समजतं. १९८९ मध्ये आलेली पहिली एमएक्स-५ म्हणजे ताकद जेमतेम ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास, पण वजन साधारण ९५० किलो, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, छत उघडणारं, आणि गिअर लिव्हर अशी की उगीच गिअर बदलत राहावंसं वाटतं. पुढच्या पिढ्यांनीही तो स्वभाव सोडला नाही. त्याखाली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट आणि शेवटी, जरा नाइलाजाने लिहिल्यासारखी, माझदा ३.

यादी बघून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हा सारखा मजा मजा म्हणतोय, पण त्याला कशात मजा येते ते एकदा लिहून काढायला सांगा ना."

या एका प्रश्नाने अर्धं काम झालं असं मी आजही म्हणेन. त्याने खरंच बसून लिहिलं. गिअर टाकताना लिव्हर नेमकी बसली पाहिजे, स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं लगेच ऐकली पाहिजेत, वळणावर गाडी होडीसारखी कलायला नको, ॲक्सिलरेटर दाबला की लगेच ओढ जाणवली पाहिजे, आणि बसायची जागा खाली आणि सरळ पाहिजे. एवढंच. यात टॉप स्पीड नव्हता, ० ते १०० किती सेकंदात हे नव्हतं, २०० हॉर्सपॉवर तर नव्हतेच, आणि तरी तो इतके दिवस सगळ्या गाड्या हॉर्सपॉवरच्या क्रमाने लावून बघत होता.

हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. २०० हॉर्सपॉवरची हॉट हॅच, म्हणजे जोरदार इंजिन टाकलेली घरगुती हॅचबॅक, दुसऱ्या गिअरमध्येच ताशी १०० किलोमीटरच्या आसपास पोचते, म्हणजे नेहमीच्या रस्त्यावर ती पूर्ण ताकद तुम्ही वापरणार किती, तर काही सेकंद, तेही मोकळा रस्ता मिळाला तर. उलट गिअर, क्लच, स्टिअरिंग, ब्रेकचं पेडल, सीट हे प्रत्येक मिनिटाला हातापायाखाली असतं. त्यामुळे रोजच्या वेगात मजा द्यायला हलकं वजन आणि चांगली कंट्रोल्स जास्त कामाला येतात. मग टेस्ट ड्राइव्हला बघायचं काय हेही आपोआप ठरलं: ही गाडी ताशी ४०-५० वर, साध्या चौकात वळताना आवडते का.

सोयीची यादी, पण दोन भागांत

सोयीच्या बाबतीत लोक एक गोष्ट हमखास करतात, वर्षातून एकदोनदा लागणाऱ्या गोष्टीसाठी रोजची गाडी निवडतात. म्हणून आम्ही यादीचे दोन भाग केले. दर आठवड्याला लागणारं: बाळाची मागे तोंड करून बसवायची सीट कायम लावलेली, सोबत तीन मोठी माणसं, डिकीत बाबागाडी आणि वर दोन पिशव्या, आईंना चढता-उतरता यावं, आणि मागे दोन दारं पाहिजेतच. वर्षातून क्वचित लागणारं: खूप सामान घेऊन लांब जाणं, एखादं कपाट आणणं. या दुसऱ्या भागाला उत्तर म्हणून छतावरचा बॉक्स किंवा त्या दिवसापुरती भाड्याची मोठी गाडी पुरते, त्यासाठी वर्षभर दीड टन लोखंड ओढत हिंडायची गरज नाही.

बाळाच्या सीटबद्दल जरा थांबून सांगतो कारण इथेच बऱ्याच गाड्या गळाल्या. यूएन आर१२९ म्हणजे मुलांच्या कार सीटसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा नियम, ज्याला आय-साइज म्हणतात, त्यात मूल निदान १५ महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवायचं असतं, आणि त्यानंतरही जितकं लांबवता येईल तितकं चांगलं. अशी सीट आडवीपेक्षा लांबीत जास्त जागा खाते, मग पुढची सीट पुढे सरकवावी लागते आणि पुढे बसलेल्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. कॅटलॉगमध्ये हे कुठेच दिसत नाही. डिकी किती लिटर ते दिसतं, पण लिटरमध्ये बाबागाडी मावत नसते, तिला रुंदी आणि तोंडाची उंची लागते. त्यामुळे आम्ही सरळ बाळाची सीट आणि बाबागाडी घेऊनच गाड्या बघायला जायचं ठरवलं, विकणाऱ्यांना थोडं विचित्र वाटलं पण कुणी नाही म्हटलं नाही.

एमएक्स-५ इथेच गेली. दोनच सीट, म्हणजे बाळ पुढे, आणि मागे तोंड करून बसवलेली सीट चालू एअरबॅगसमोर ठेवणं जिवावरचं असतं, त्यावर वाद नकोच. आणि ते सोडलं तरी चौघांना दोन सीट कशा पुरणार. घरात दुसरी गाडी असती तर मीच त्याला म्हटलं असतं की डोळे झाकून एमएक्स-५ घे, पण एकच गाडी असताना ती घेणं म्हणजे वहिनींच्या वाटची मजा काढून घेणं झालं असतं, कारण गाडी चालवायची आवड त्यांनाही तितकीच आहे.

मित्र दोन दिवस नाराज होता. त्याला वाटत होतं की आता जे उरलंय ती सगळी तडजोड आहे. पण इतिहास बघितला तर तसं मुळीच नाही. १९५९ ची मिनी ॲलेक इसिगोनिसने जागा वाचवायला म्हणून बनवली, इंजिन आडवं टाकलं, चाकं चार कोपऱ्यांत ढकलली, लांबी तीन मीटरच्या आसपास, आणि त्याच मांडणीमुळे ती वळणांवर इतकी भारी निघाली की मिनी कूपरने १९६४, १९६५ आणि १९६७ ला माँटे कार्लो रॅली मारली. १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय म्हणजे घरगुती हॅचबॅकमध्ये ११० हॉर्सपॉवरचं इंजिन, वजन ८०० किलोच्या थोडं वर. म्हणजे सोयीची गाडी आणि मजेची गाडी एकाच पत्र्यात बसवायचं काम फार आधीपासून चालू आहे, आणि सेकंडहॅन्ड बाजारात त्याचं फळ स्वस्तात मिळतं.

१०० मधले ८०

पैशाच्या बाबतीत मी एकच गोष्ट लावून धरली, १०० हे गाडीच्या किमतीचं बजेट नाही, पहिल्या वर्षाचं बजेट आहे. मित्र ९८ ची गाडी बघत होता. मग नावावर करून घेणं, विमा, पहिली सर्व्हिस, टायर, आणि घेतल्यावर तीन महिन्यांत जे काही निघेल ते, हे सगळं २ मध्ये कसं बसणार. म्हणून किमतीची मर्यादा ८० ठरवली. यामुळे यादीतल्या गाड्या एकदम एक पायरी खाली आल्या, तीच गाडी पण जुनी किंवा जास्त चाललेली, नाहीतर कमी ताकदीचं मॉडेल.

आणि गाडी सेकंडहॅन्ड झाली म्हणून तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत हे लोक विसरतात. जी गाडी नवी असताना महाग होती तिचे ब्रेक, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा भाग), १८-१९ इंची टायर आजही त्याच महागड्या गाडीचे असतात, फक्त गाडीची किंमत उतरलेली असते. विम्यालाही परफॉर्मन्स मॉडेल सहसा जास्त पडतं. एक गाडी आवडली की तिच्या चार टायरचा, पुढच्या ब्रेकच्या डिस्क-पॅडचा आणि क्लचचा खर्च आधी विचारून घ्यायचा, त्या तीन आकड्यांवरून ती पुढे आपल्याला झेपेल का ते बऱ्यापैकी कळतं.

डिझेल घ्यायचं का हा प्रश्नही निघाला, ॲव्हरेज चांगलं आणि ओढही भरपूर. पण रोजचं १२ किलोमीटर आणि तेही गर्दीत, अशा वापरात डीपीएफला म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरला साठलेली काजळी जाळून साफ व्हायला पुरेसा सलग गरम वेळ मिळत नाही, मग तो तुंबतो आणि खर्च काढतो. डिझेल लांब धावणाऱ्याला शोभतं. बाद.

गाड्या बघताना

स्विफ्ट स्पोर्टने सगळ्यांना वेड लावलं. १.६ लिटरचं टर्बो नसलेलं इंजिन, १३६ हॉर्सपॉवर, सहा गिअर, वजन साधारण १०५० किलो. मित्र पहिल्याच वळणावर हसायला लागला, वहिनींनी तर परत येताना मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. मग डिकी उघडली. २११ लिटर. बाबागाडी आडवी बसेना, उभी बसेना, मागच्या सीटचा अर्धा भाग पाडला की बसते, पण त्या अर्ध्या भागावर आईंना बसायचं होतं. तीन जणांचं घर असतं तर मी हीच घ्या म्हणालो असतो, अजूनही म्हणतो, या किमतीत इतका आनंद देणाऱ्या गाड्या फार नाहीत. आणि ही घेणाऱ्याने दारं मोजून घ्यावीत कारण काही बाजारांत ती सुरुवातीला तीन दारांचीच होती.

ऑक्टाव्हिया आरएस त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. गोल्फ जीटीआयचीच बरीचशी यंत्रणा आणि वर ५६० लिटरची डिकी, दुसऱ्या पिढीतली, २०० हॉर्सपॉवरची. बाबागाडी टाकून वर जागा उरली. पण लांबी साडेचार मीटरच्या वर आणि यांची पार्किंगची जागा त्याहून कमी. शिवाय ८० मध्ये ज्या मिळत होत्या त्या खूप चाललेल्या, आणि बऱ्याचशा रीमॅप केलेल्या. रीमॅप म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली, काम चांगलं झालेलं असलं तरी आधीच्या मालकाने ती कशी हाणली असेल हे कुठल्याच बिलावर लिहिलेलं नसतं. आमचा नियम साधा होता, कंपनीतून आली तशीच पाहिजे.

आता ती हॉट हॅच जिच्यावर सौदा जवळजवळ झालाच होता. कंपनीचं नाव घेत नाही कारण दोष त्या एका गाडीच्या सांभाळण्यातला होता. फोटो सुंदर, रंग सुंदर, चाकं मोठी, किंमत ७९, आणि "एक दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय" हेही ऐकवून झालं होतं. आम्ही आधी सांगून ठेवलं होतं की इंजिन थंड ठेवा, आम्हाला थंड असताना चालू करून बघायचंय. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवला तर गरम. थंड इंजिन चालू करताना इंजिनच्या आतली टायमिंगची चेन सैल असेल तर सुरुवातीला खडखड येते, ऑइल जळत असेल तर निळसर धूर दिसतो, आणि गरम केल्यावर यातलं बरंचसं लपतं. म्हणजे गरम करून ठेवणं हाही एक पुरावाच.

टायर बघितले. टायरच्या बाजूला डीओटी म्हणून जो कोड असतो त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३१४ असेल तर २०१४ चा २३ वा आठवडा. या गाडीला चार टायर तीन वेगवेगळ्या ब्रँडचे, त्यातले दोन इतके जुने की बाजूला बारीक चिरा पडलेल्या. मी टायरवरून मालक ओळखतो. २०० हॉर्सपॉवरच्या गाडीला जो माणूस मिळतील ते स्वस्त टायर लावतो, त्याने ऑइल वेळेवर बदललं असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

मग ओबीडी स्कॅनर लावला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले फॉल्ट वाचणारं यंत्र. हे छोटं यंत्र स्वस्तात मिळतं आणि सेकंडहॅन्ड गाडी बघायला जाताना ते खिशात पाहिजेच. डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता आणि स्कॅनरवरही एकही फॉल्ट नाही. मित्र खूश झाला. पण नुसते फॉल्ट बघून भागत नाही, पुढे दोन गोष्टी बघायच्या असतात. एक, फॉल्ट पुसल्यापासून गाडी किती चालली तो आकडा, दुसरं, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या उत्सर्जनाच्या तपासण्या पूर्ण केल्यात का. कुणी फॉल्ट पुसले की हे मॉनिटर परत शून्यावर जातात आणि पूर्ण व्हायला बरंच वेगवेगळ्या प्रकारचं ड्रायव्हिंग लागतं. इथे पुसल्यापासूनचं अंतर इतकं कमी होतं की ते आदल्या दिवशीचं किंवा त्याच दिवसाचं असणार, आणि निम्मे मॉनिटर अपूर्ण. बॅटरी काढल्यावरही मॉनिटर असे दिसू शकतात म्हणून विकणाऱ्याला विचारलं की बॅटरी बदलली का, तो म्हणाला नाही. मग आम्ही म्हटलं की आमच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून बघू, तपासणीचे पैसे आम्ही देतो. त्यावर तो म्हणाला वेळ नाही. आम्ही निघालो.

परत येताना मित्र गप्प होता. त्याला वाटत होतं थोडं घासाघीस करून ७२ ला मिळाली असती. मिळाली असतीही. पण काय पुसलंय हे माहीत नसताना ७ ची सूट घेऊन काय करणार, टर्बो निघाला तर तिथेच त्याच्या दुप्पट जातील. आणि खरं सांगू का, गाडी चालवायला वहिनींना आवडलीच नव्हती, सस्पेन्शन इतकं कडक आणि टायरची भिंत इतकी बारीक की प्रत्येक खड्डा थेट पाठीत, "बाळ झोपलं असेल तर दर पाच मिनिटांनी उठेल" हे त्यांनी टेस्ट ड्राइव्हलाच सांगितलं होतं.

सेकंडहॅन्ड गाडीच्या व्यवहारात विकणाऱ्याला गाडी माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन हे मांडलं, की घेणारा चांगली-वाईट ओळखू शकत नसला की तो सगळ्यांना सरासरी भाव देतो, मग चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकतच नाही आणि बाजारात खराब माल वाढत जातो. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. आपल्यासाठी त्याचा सरळ उपयोग असा की ज्या गाडीची माहिती कागदावर आहे तिला थोडा जास्त भाव देणं परवडतं.

जी घेतली ती

माझदा ३, तिसरी पिढी, म्हणजे २०१३ ते २०१८ मध्ये आलेली, पाच दारांची हॅचबॅक, २ लिटर पेट्रोल, टर्बो नाही, सहा गिअर हाताने टाकायचे. यादीत सगळ्यात खाली होती ती. कागदावर हिच्याकडे बघून कुणी उत्साहात येणार नाही, २ लिटरमध्येही १२० आणि १६५ हॉर्सपॉवर असे दोन प्रकार होते आणि आमच्या ८० मध्ये १२० वालाच बसत होता.

पण मित्राने लिहून काढलेली मजेची यादी घेऊन बसलं तर ही एकेका ओळीला उतरते. गिअर लिव्हरचा प्रवास छोटा आणि नेमका. ॲक्सिलरेटरचं पेडल खाली जमिनीला बिजागरी असलेलं, टाचेला आधार मिळतो म्हणून हळू चालवतानाही पायाला नीट कळतं किती दाबलंय. मागे मल्टीलिंक सस्पेन्शन, म्हणजे मागचं प्रत्येक चाक वेगळं, बऱ्याच दांड्यांनी धरलेलं, त्यामुळे खराब रस्त्यावर वळताना मागची बाजू उडत नाही. टर्बो नसल्यामुळे दाबलं की लगेच उत्तर, फक्त ओढ हवी असेल तर इंजिन फिरवावं लागतं, आणि ज्याला गिअर बदलायला आवडतं त्याला ते हवंच असतं. टायमिंगला बेल्टऐवजी चेन, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा मोठा खर्च नाही. डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी रचना, असल्यामुळे हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साठू शकतो हे मात्र खरं, कारण पेट्रोल त्या व्हॉल्व्हवरून धुऊन जात नाही, म्हणून अशा गाडीला अधूनमधून लांब आणि मोकळं चालवणं बरं.

चाकांवरून आमचा थोडा वाद झाला. मित्राला १८ इंची हवी होती कारण दिसतात छान. १६ इंचीला २०५/६० टायर येतो, म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर आणि भिंतीची उंची तिच्या ६० टक्के, १२३ मिलिमीटर, १८ इंचीला २१५/४५, म्हणजे साधारण ९७. जवळपास अडीच सेंटिमीटर जास्त रबर रस्ता आणि बाळाच्या झोपेच्या मध्ये, टायरही स्वस्त, आणि १२० हॉर्सपॉवरला तेवढी पकड पुरते. १६ इंचीवालीच शोधली.

डिकी ३६४ लिटर, बाबागाडी आडवी गेली आणि तिच्यावर दोन पिशव्याही. बाळाची सीट ड्रायव्हरशेजारच्या सीटमागे लावली आणि त्या पुढच्या सीटवर वहिनी बसल्या तर वहिनींचे गुडघे डॅशबोर्डपासून चार बोटं लांब राहिले, आई ड्रायव्हरच्या मागे आरामात बसल्या. ही चाचणी आम्ही विकणाऱ्याच्या दारात, सगळ्यांना बसवून केली.

खरा पेच पुढे होता, कारण अशा दोन गाड्या समोर होत्या. एक ७० ला, कमी चाललेली, मीटरवर आकडा मोहात पाडणारा, पण सर्व्हिसचं एकही बिल नाही. दुसरी ८१ ला, तिच्याहून बरीच जास्त चाललेली, पण मालकाकडे पहिल्या सर्व्हिसपासूनची फाइल, प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर चढत्या क्रमाने. मित्राचा कल पहिलीकडे. आत बसून बघितलं तर तिचं स्टिअरिंग गुळगुळीत झालेलं, क्लचच्या पेडलचं रबर एका बाजूला झिजलेलं, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बसलेली. मीटर मागे फिरवलाय असं मी म्हणणार नाही, सिद्ध करता येत नाही, पण आकडा आणि झीज जुळत नसेल तर आकड्यावर पैसे लावू नयेत. आणि समजा खरंच कमी चालली असली तरी छोट्या-छोट्या थंड फेऱ्यांत चाललेली गाडी ही लांब धावलेल्या गाडीपेक्षा चांगली असते असं अजिबात नाही.

दुसरी थंड इंजिनने चालू केली, आवाज स्वच्छ. रेडिओ बंद, काचा खाली करून चालवली. चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला, आरपीएमचा आकडा वेगासोबतच वाढला, एकटाच पुढे पळाला नाही, म्हणजे क्लच घसरत नाही. वेगात मोकळ्या रस्त्यावर डावी-उजवीकडे हलकं वळवलं, गुणगुण बदलली नाही म्हणजे व्हील बेअरिंग ठीक. स्कॅनरवर सगळे मॉनिटर पूर्ण आणि पुसल्यापासूनचं अंतर मोठं. मेकॅनिककडे लिफ्टवर चढवायला मालक स्वतः सोबत आले. तिथे निघालं ते असं: पुढच्या डिस्कवर जी किमान जाडी कोरलेली असते तिच्या अगदी जवळ आलेल्या, ब्रेक ऑइल जुनं, मागचे दोन टायर सहा वर्षांचे, आणि मागच्या बंपरच्या कोपऱ्याला परत रंग मारलेला. हे सगळं झीज आणि किरकोळ खरचटणं, लपवलेलं काही नाही, बंपरचं तर त्यांनी आधीच सांगितलं होतं.

भाव करताना आम्ही उगीच दोष काढत बसलो नाही. डिस्क-पॅड, ब्रेक ऑइल आणि दोन टायर यांचा खर्च कागदावर लिहून समोर ठेवला, त्यातला निम्मा त्यांनी सोसावा असं सुचवलं, ८१ ची ७८ झाली. चांगल्या सांभाळलेल्या गाडीच्या मालकाशी असंच बोलावं असं मला वाटतं, त्याने घेतलेली मेहनत आपल्याला दिसतेय हे त्याला कळलं की तोही मोकळेपणाने बोलतो, आणि यांनी तर कुठलं काम पुढे येणार आहे त्याची यादीच हातात दिली.

शेवटचा हिशोब असा: गाडी ७८, नावावर करणं आणि विमा ६, डिस्क-पॅड, टायर, सगळी ऑइलं आणि फिल्टर मिळून ७, हातात उरले ९.

आता गाडी येऊन बरेच महिने झालेत. तक्रार एकच आहे, खरबरीत रस्त्यावर टायरचा आवाज आत येतो, आणि मागची काच लहान असल्यामुळे मागे घेताना सुरुवातीला अंदाज येत नव्हता म्हणून कॅमेरा बसवून घेतला, तो उरलेल्या ९ मधूनच. वळणांच्या रस्त्यावर कोण चालवणार यावरून दोघांची वाटणी झालीये, जाताना वहिनी, येताना मित्र. मागच्या मालकांच्या यादीप्रमाणे पुढच्या सर्व्हिसला स्पार्क प्लग आणि गिअर ऑइल बदलायचं आहे, त्याचे पैसे वेगळे काढून ठेवलेत.